थांबलेला कंठ आणि उरलेले दिवस

एखादा थोर गायक किंवा थोर गायिका निवर्तली म्हणजे देशांत जो शोक होतो, तसा शोक मोठमोठ्या सत्ताधीशांच्या मरणानेंही क्वचितच होतो. ६ फेब्रुवारी २०२२ रोजीं, प्रभूच्या दिवशीं सकाळीं, लता मंगेशकर यांनीं मुंबई येथें वयाच्या ९२ व्या वर्षीं देह ठेवला. त्याच सायंकाळीं शिवाजी पार्क येथें शासकीय इतमामानें त्यांचा अंत्यविधि झाला, आणि दोन दिवस राष्ट्रीय दुखवटा पाळण्यांत आला. ज्यांनीं त्यांना एकदांही समक्ष पाहिलें नव्हतें, अशा असंख्य लोकांच्या डोळ्यांस पाणी आलें. त्यापूर्वीं २४ जानेवारी २०११ रोजीं पुण्यास पंडित भीमसेन जोशी वारले, ३ एप्रिल २०१७ रोजीं मुंबईस किशोरी आमोणकर वारल्या, आणि १५ डिसेंबर २०२४ रोजीं दूर सॅन फ्रान्सिस्को शहरीं तबलावादक झाकीर हुसेन वारले. तेव्हांही असेंच झालें.

या शोकाचा विचार ख्रिस्ती मनुष्यानें कसा करावा? ज्यांच्याशीं आपलें रक्ताचें नातें नाहीं, ज्यांनीं आपलें नांवही कधीं ऐकलें नाहीं, त्यांच्या मरणानें आपलें काळीज कां हलावें? आणि हललें, तर त्यापुढें आपलें कर्तव्य काय? हा प्रश्न केवळ शहरांतील रसिकांचा नाहीं. ज्या घरांत रेडिओ वाजला आहे, किंवा हल्लीं मुलांच्या हातीं मोबाईल आला आहे, त्या प्रत्येक घराचा तो आहे.

कांहीं कडक मनाचे बंधु म्हणतात कीं, हे लोक आपल्या मंडळीचे नव्हते, त्यांचीं गीतें जगाचीं गीतें; त्यांच्याकरितां ख्रिस्ती मनुष्यानें अश्रु गाळावयाचें कारण नाहीं. या मतास पवित्र शास्त्राचा आधार दिसत नाहीं. उत्पत्तीच्या पुस्तकांत वीणा व पांवा वाजविणाऱ्यांचा मूळ पुरुष युबाल याचें नांव आलें आहे, आणि तो काइनाच्या वंशांतला होता. म्हणजे संगीताची देणगी देवानें केवळ आपल्या निवडलेल्या लोकांच्या ओटींत घातली नाहीं. ऊन आणि पाऊस जसे सर्वांस मिळतात, तशीच ती मिळाली. जी देणगी देवाची, ती देणारें भांडें फुटलें असतां वाईट वाटणें यांत पाप तें कोणतें? शौल राजा दाविदाच्या जिवावर उठला होता, तरी तो पडल्यावर दाविदानें त्याच्यासाठीं विलाप केला. आणि लाजराला आपण आतां उठविणार हें ठाऊक असूनही प्रभु त्याच्या कबरेपाशीं रडला. मेलेल्यांचा न्याय करण्याचें काम आपणांकडे सोंपविलेलें नाहीं. कृतज्ञतेनें दोन अश्रु ढाळण्यास मात्र आपणांस कोणीं मना केलेलें नाहीं.

तथापि आपण रडतों तें केवळ त्या गायकासाठींच, असें म्हणणें सर्वस्वीं खरें होणार नाहीं. गायकाचा आवाज आपल्या आयुष्याच्या दिवसांशीं बांधलेला असतो. अमुक गीत आईला आवडे. अमुक गीत बहिणीच्या लग्नांत लागलें होतें. अमुक गीत लागलें कीं बाप काम टाकून क्षणभर उभा राही. ती आई आतां नाहीं, तो बाप नाहीं, बहिणीचे केस पिकले. आवाज मात्र तोच राहिला, म्हणून आपण किती पुढें आलों हें आपल्या ध्यानांत आलें नाहीं. मग एके दिवशीं वार्ता येते कीं तो गाणारा कंठ थांबला. आणि भिंतीवरील घड्याळ थांबलें म्हणजे जसें एकदम दचकून वर पाहावें, तसें आपण वर पाहतों. आपल्यालाही किती वाजले, हें तेव्हां कळतें. आपण स्वतःसाठीं रडतों, हें कबूल करावयास लाज वाटण्याचें कारण नाहीं. मात्र तें रडणें तेथेंच संपलें, तर तें व्यर्थ गेलें.

दुसऱ्याच्या मरणाची वार्ता कशी ऐकावी, हें प्रभूनें स्वतः शिकविलें आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांत कांहीं लोक त्याच्याकडे पिलातानें मारलेल्या गालीलकरांची बातमी घेऊन आले. त्यांना त्या मेलेल्यांविषयीं चर्चा करावयाची होती. प्रभूनें त्यांत शिलोहाच्या बुरुजाखालीं सांपडून मेलेल्या अठरा जणांची आठवण घातली, आणि चर्चेचें तोंड बातमी आणणाऱ्यांकडेच फिरविलें. मेलेले कसे होते हें सोडा. तुम्हांस अजून वेळ आहे, तिचें काय करणार? प्रभूच्या उत्तराचा रोख हा असा होता. लगेच पुढें त्यानें फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला सांगितला, आणि त्यांत माळ्यानें त्या झाडासाठीं आणखी एक वर्ष मागून घेतलें. वार्ता ऐकणारा प्रत्येक जण त्या मागून घेतलेल्या वर्षांत जगत आहे.

आतां दुसऱ्या मताकडे वळूं. तें पहिल्यापेक्षां गोड आहे, म्हणून अधिक फसवें आहे. थोर गायक गेला कीं वर्तमानपत्रें लिहितात, सभांतून वक्ते सांगतात कीं तो अमर आहे. त्याचा आवाज आहे, म्हणजे तोही आहे. या बोलण्यांत तथ्य किती, हें एका गायिकेच्या उदाहरणानें पाहूं.

केसरबाई केरकर यांचा जन्म १३ जुलै १८९२ रोजीं गोव्यांतील केरी गांवीं, म्हणजे आपल्याच कोंकणपट्टीच्या दक्षिण भागांत, झाला. उस्ताद अल्लादियाखां यांच्यापाशीं त्यांनीं अनेक वर्षें विद्या घेतली, आणि त्यांची गणना देशांतील पहिल्या प्रतीच्या गायिकांत होऊं लागली. १९६९ सालीं त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. पुढें १९७७ सालीं अमेरिकेच्या नासा या संस्थेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अंतराळांत धाडलीं. एक २० ऑगस्ट रोजीं निघालें, दुसरें ५ सप्टेंबर रोजीं. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी बसविली होती, आणि पृथ्वीवरील निरनिराळ्या लोकांच्या २७ संगीतरचना तींत भरल्या होत्या. त्यांत आपल्या देशाची म्हणून केसरबाईंनीं भैरवींत गाइलेली ‘जात कहाँ हो’ ही चीज घेतली होती. दुसरें यान निघून अकरा दिवस होतात न होतात, तोंच १६ सप्टेंबर १९७७ रोजीं केसरबाई वारल्या.

वाचकहो, या गोष्टीवर क्षणभर थांबा. तीं यानें गुरु व शनि या ग्रहांस मागें टाकून ताऱ्यांमधील अवकाशांत गेलीं आहेत. त्यांपैकीं एक आज पृथ्वीपासून सुमारें २,५०० कोटी किलोमीटर दूर आहे, आणि केरीच्या त्या बाईचा आवाज त्याबरोबर अजून चालला आहे. मनुष्याच्या हातानें मनुष्याच्या आवाजाला याहून अधिक आयुष्य देतां आलेलें नाहीं. तरी केसरबाई मृत्यु पावल्या. त्या चीजेचें नांवच एक प्रश्न आहे: कोठें जात आहां? तो प्रश्न तबकडी आकाशांत घेऊन फिरते. परंतु कोणीं उलट तिलाच विचारलें, तर तिच्यापाशीं उत्तर नाहीं.

येथेंच सारें मर्म आहे. तबकडी आवाज राखते, पण उत्तर राखत नाहीं. मैफलींत श्रोत्यानें मनापासून दाद दिली कीं गायक हंसतो, तीच जागा पुन्हां निराळ्या तऱ्हेनें घेतो, कधीं समोरच्याचा चेहरा पाहून राग बदलतो. तबकडीला दाद देतां येते, पण तबकडी दाद ऐकत नाहीं. साडेतीन मिनिटांत जें गाइलें, तेंच ती हजार वेळां म्हणेल. एक स्वर अधिक नाहीं, एक उणा नाहीं. चुकलेला स्वर तिला सुधारतां येत नाहीं. तिला क्षमा मागतां येत नाहीं, आणि कोणास क्षमा करितांही येत नाहीं. जिवंत मनुष्याचा कंठ कितीही बेसूर असो, त्याला हें सर्व साधतें. यास्तव बेसूर जिवंत कंठ हा सुरेल तबकडीहून थोर आहे. आणि मृत्यूनें जें नेलें, तें नाद नसून हें उत्तर देण्याचें सामर्थ्य होय.

हें सामर्थ्य ज्या श्वासावर चालतें, तो श्वासही आपला नव्हे. देवानें मनुष्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकला, असें आपण शास्त्रांत वाचतों; पण श्वासाची किंमत गायकाला जशी कळते, तशी इतरांस क्वचितच कळते. कुमार गंधर्व हे बालपणींच नांवलौकिकास चढलेले गायक. ऐन तारुण्यांत त्यांना क्षयानें गांठलें. माळव्यांतील देवास येथें ते कित्येक वर्षें न गातां पडून राहिले. स्ट्रेप्टोमायसिन हें औषध त्या काळीं नवें होतें. त्यानें त्यांचे प्राण वांचले, पण एक फुफ्फुस निकामी झालें. पुन्हां गाऊं लागले तेव्हां त्यांनीं अपुऱ्या श्वासाबद्दल कुरकुर केली नाहीं. तेवढ्याच श्वासांत बसेल असें नवें गाणें घडविलें, आणि १२ जानेवारी १९९२ रोजीं देवास येथेंच वारेपर्यंत तें गाइलें. आपणांस दोन्ही फुफ्फुसें आहेत, म्हणून श्वास उधळण्यास हरकत नाहीं, असें आपण समजतों. रागावण्यांत, निंदेंत, शेजाऱ्याच्या उखाळ्यापाखाळ्या काढण्यांत दिवसाचा किती श्वास जातो, याचा हिशेब कोण ठेवतो?

हिशेबाची वेळ केव्हां येईल, हेंही कोणास ठाऊक नसतें. किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीमखां हे १९३७ सालीं ऑक्टोबर महिन्यांत मद्रासेहून पाँडिचेरीस निघाले होते. वाटेंत छातींत कळ आली, म्हणून ते सिंगपेरुमाळ कोविल नांवाच्या लहानशा स्टेशनावर उतरले. फलाटावर पथारी अंथरविली, आणि देवाची प्रार्थना सुरांत म्हणत म्हणत त्यांनीं प्राण सोडला, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. त्यांची कबर मिरजेस आहे. खांसाहेबांचा धर्म आपला नव्हता. परंतु अनोळखी फलाटावर, भोंवतीं परका मुलूख असतां, शेवटचा श्वास प्रार्थनेकडे वळावा, हें ज्याच्या कंठास आधींची संवय आहे त्यालाच साधतें. आयुष्यभर ज्या वाटेनें कंठ गेला, त्याच वाटेनें तो शेवटीं जातो. ज्या प्रभूनें वधस्तंभाच्या आदल्या रात्रीं शिष्यांसह स्तोत्र गाऊन मग जैतुनांच्या डोंगराकडे पाऊल टाकलें, त्याच्या लोकांना तरी हें वेगळें सांगावयास नको.

कोणी विचारील कीं, मरणाची आठवण करून देऊन चांगलें वागावयास लावणें, हें मनुष्याला भिववून वागविणें नव्हे काय? भयानें केलेल्या चांगुलपणाची किंमत ती काय? आक्षेप योग्य आहे, म्हणून त्याला उत्तर दिलें पाहिजे. मालवण किनाऱ्यावर तोंडवली-तळाशीलची भूमि ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना तें उत्तर सोपें जाईल. एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास गड नदीची खाडी, आणि मध्यें माडांची व वाळूची अरुंद पट्टी. पावसाळ्यांत समुद्र किनारा खातो. ज्या माडाखालीं आजा जाळें विणीत बसे, त्याची जागा नातवाला पाण्यांत दाखवावी लागते. तेथील मनुष्य समुद्राला भिऊन घरांत बसत नाहीं. पण तो समुद्राला विसरतही नाहीं. भरती केव्हां, ओहोटी केव्हां, वारा कोणीकडचा, होडी केव्हां वर ओढावी, हें तो रोज पाहतो. याला भय म्हणत नाहींत, जाणतेपण म्हणतात. नव्वदाव्या स्तोत्रांतील मोशेच्या प्रार्थनेंत आयुष्य वाढवून मागितलेलें नाहीं. आहेत त्या दिवसांचा नीट हिशेब ठेवण्याची बुद्धि मागितली आहे. आपल्या दोन्ही बाजूंस पाणी आहे हें जो जाणतो, तोच मधल्या वाळूवर शहाणपणानें घर करितो.

त्याच किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट शिकावी. रापण ओढतांना जे सूर धरले गेले, जात्यावर बसून ज्या बायांनीं पहांटे गाइलें, लहान प्रार्थनामंदिरांत ज्या म्हातारीनें कांपऱ्या आवाजांत सर्वांआधीं गीत उचललें, त्यांचें कांहींच मुद्रित झालें नाहीं. समुद्रावर गेलेले कित्येक परतले नाहींत. त्यांची कबरही नाहीं. त्यांच्यासाठीं निशाणें अर्ध्यावर आलीं नाहींत. तर मग तीं माणसें व्यर्थ जगलीं काय? अंतराळांत फिरणारी तबकडी कोणी ऐकेल किंवा न ऐकेल. जात्यावरची ती ओंवी मात्र एकानें ऐकली आहे. एक चिमणीही ज्याच्या नकळत खालीं पडत नाहीं, त्यानें.

आणि माणसांतही आवाज उरण्याचा एक निराळा मार्ग आहे. गायनाचार्य भास्करबुवा बखले ८ एप्रिल १९२२ रोजीं पुण्यांत वारले. त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका आज आपल्याजवळ नाहीं. तरी बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, गोविंदराव टेंबे यांच्यांत बुवांची विद्या उतरली, आणि त्यांच्याद्वारें साऱ्या महाराष्ट्रानें ती ऐकली. बुवांनीं आपला श्वास तबकडींत न घालतां शिष्यांत घातला. आपल्या मंडळ्यांतील जो उपदेशक वाडीवस्तीवर पायीं जाऊन चार मुलांना प्रभूची प्रार्थना शिकवितो, त्यानें हें ध्यानांत धरावें. त्याचें नांव कोणत्याही वर्तमानपत्रांत येणार नाहीं. परंतु तीं चार मुलें म्हातारीं होतील तेव्हांही ते शब्द त्यांच्या ओठांवर असतील. आपले कवि नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजीं गेले. आज शंभरांवर वर्षें लोटलीं, तरी प्रभूच्या दिवशीं मराठी मंडळ्या त्यांचीं गीतें गातात. तीं गीतें तबकडीमुळें टिकलीं नाहींत. जिवंत माणसांनीं जिवंत माणसांना शिकविलीं, म्हणून टिकलीं.

आतां या सर्वांतून निघणारें काम सांगून लेख पुरा करितों. असें समजा कीं, एका गांवीं दोघे भाऊ आहेत. जाळ्याच्या वांट्यावरून त्यांचें बोलणें तुटलें. दोघेही उपासनेस येतात, एक उजवीकडे बसतो, दुसरा डावीकडे. धाकट्याचा गळा गोड, म्हणून नाताळांत तो गातो आणि कोणी तें मोबाईलवर घेऊन ठेवितो. पुढें एका पावसाळ्यांत धाकटा जातो. थोरला मग एकांतांत तें गाणें लावून ऐकतो. भावाचा आवाज अगदीं स्पष्ट येतो, श्वास घेतलेलाही ऐकूं येतो. थोरला म्हणतो, माझें चुकलें. गाणें पुढें चालूं राहतें.

ही गोष्ट कोणा एकाची नव्हे; ती कोणत्याही गांवीं घडूं शकते, आणि ती अजून घडली नसेल त्या गांवीं ती टाळतां येते. श्रीमंत मनुष्य व लाजर यांच्या दाखल्यांत त्या श्रीमंतास आपल्या पांच भावांची आठवण झाली, परंतु मोठी दरी आड आल्यावर झाली. निरोप धाडावयास तेव्हां वाट उरली नव्हती. म्हणूनच डोंगरावरील प्रवचनांत प्रभूनें अर्पण वेदीपुढें तसेंच ठेवून आधीं भावाकडे जावयास सांगितलें. उपासनेहूनही जें काम आधीं करावें असें त्यानें सांगितलें, तें दुसऱ्या कशाच्या मागें ठेवण्याचा आपणांस काय अधिकार?

यापुढें एखाद्या थोर गायकाच्या मरणाची वार्ता कानीं आली, तर अवश्य हळहळावें, त्याचें एखादें गाणें लावून देवाचे आभारही मानावे. पण गाणें संपल्यावर उठावें. ज्या शेजाऱ्याशीं वर्षभर बोललों नाहीं, त्याच्या दारीं जावें. गांवांतील जो म्हातारा एकटा पडला आहे, त्याच्या अंत्ययात्रेला जाण्याची वाट न पाहतां आजच त्याच्यापाशीं घटकाभर बसावें. मुलाला जें प्रेमाचें बोलणें आजवर संकोचानें बोललों नाहीं, तें बोलावें. आणि ज्यानें श्वास दिला त्याला, रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं, आपल्या बेसूर कंठानें कां होईना, उत्तर द्यावें. दूर आकाशांत तबकडी आपल्या वाटेनें जाईल. आपल्या हातीं आजचा दिवस आहे, आणि जिच्याशीं किंवा ज्याच्याशीं बोलावयाचें, तीं माणसें अद्याप ऐकूं शकतात.